देव्हाऱ्याचा खटका

खटकेवाले कुणालाही ‘कसे आहात’ असं विचारत नसत. जिना चढून यायचे, दारात चपला काढायचे आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचे, “सकाळी उठल्यावर पहिलं काय करता?” माझ्या आईला त्यांनी हे विचारलं तेव्हा मी तिथेच होते आणि मला तो प्रश्न फार आगाऊ वाटला. माझी आई सकाळी उठून काय करते हे विचारायचा हक्क असलाच तर माझा होता. तो मी कधी वापरला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

मला हा माणूस आवडायचा नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यांचं वाईट काही सापडलं म्हणून नव्हे. दहा-बारा वर्षं मी शोधत होते आणि सापडत नाही याचाच राग जास्त होता. ते डोंबिवलीला माझ्या आईच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायचे आणि मी ठाण्याला. एवढाच त्यांचा गुन्हा.

रेल्वेच्या सिग्नल विभागात त्यांची हयात गेली होती, बरीचशी कल्याणला. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. उंच, किडकिडीत माणूस, खिशाला पेन लावावं तसा टेस्टर लावलेला. नाव होतं चारचौघांसारखंच, पण ते फक्त दारावरच्या पाटीला माहीत होतं. बिल्डिंगमधल्या आणि आजूबाजूच्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरांत त्यांनी खटके बसवले होते, म्हणून ते खटकेवाले.

आमचे वडील गेले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आई तिसऱ्या मजल्यावर एकटी, गुडघे कुरकुरणारे, कान किंचित कमी ऐकणारे. मी एकुलती एक. “माझ्याकडे चल,” असं मी दर रविवारी म्हणायची आणि आई दर रविवारी म्हणायची, “तुझ्या दोन खोल्यांत मी कुठे मावणार?” दोन खोल्यांचं निमित्त होतं हे मला कळत होतं. तिला तिच्या घरात, तिच्या भांड्यांत राहायचं होतं. न्हाणीघरात पाय घसरला तर कळणार कुणाला, एवढ्या एका भीतीवर माझी सगळी भिस्त होती. आज ना उद्या ती भीती तिला माझ्याकडे आणेल असं मी धरून चालले होते. ती भीतीच खटकेवाल्यांनी काढून टाकली.

त्यांचा सिद्धान्त साधा होता. “म्हाताऱ्या माणसाला बटण दाबायला सांगायचं नाही ताई. पडलेलं माणूस बटणापर्यंत पोचत नाही. माणूस रोज जे करतं, मरेपर्यंत चुकवत नाही, तेच पकडायचं.” म्हणजे त्या रोजच्या गोष्टीला खटका जोडायचा, तिथून जिन्याच्या कडेने टेलिफोनची बारीक वायर खाली न्यायची आणि ती गोष्ट घडली की त्यांच्या खोलीत टॉर्चचा बल्ब लागायचा. लागला म्हणजे सगळं ठीक. आठ वाजेपर्यंत लागला नाही, तर ते स्वतः वर यायचे. सिग्नलचा नियमच तसा आहे, म्हणायचे. काही बिघडलं की लाल झाला पाहिजे. बिघडूनही हिरवा राहणारा सिग्नल माणसं मारतो.

लोक या बाबतीत खोटं बोलतात, हेही त्यांना ठाऊक होतं. बिल्डिंगमागच्या बैठ्या घरात एक कोळीण म्हातारी एकटी राहायची; मुलं खाडीकाठच्या गावात आणि तिला सुनेशी पटवून घ्यायचं नव्हतं. तिने सांगितलं, “उठले का पयलं देवाचं नाव घेतंय बाबा.” खटकेवाले दोन दिवस पहाटे तिच्या पायरीवर जाऊन बसले. देवाचं नाव ती घ्यायची, पण तोंडात मिश्री गेल्यानंतर. त्यांनी खटका मिश्रीच्या डबीखाली बसवला. म्हातारीने त्यांना दोन शिव्या घातल्या आणि सुक्या बोंबलांची पुडी दिली.

माझी आई मात्र खरं बोलली. आंघोळ झाली की ती लाकडी देव्हाऱ्याची दोन्ही दारं उघडायची, निरांजन लावायची आणि मगच चहा. खटका देव्हाऱ्याच्या दाराला बसवायचं ठरलं. खटकेवाले आत यायला निघाले तेव्हा आई म्हणाली, “तुम्ही तिथूनच सांगा. मी सोवळ्यात आहे, मी लावते.” ते स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर उभे राहिले. चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाले, “माई, तो बारीक स्क्रू आधी.” मागच्याच महिन्यात पंख्याचा वायरमन त्याच देव्हाऱ्यासमोर स्टूल टाकून उभा राहिला होता, तेव्हा कुणाला सोवळं आठवलं नव्हतं. खटकेवाल्यांच्या घरात बुद्धाची तसबीर होती हे बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं. आईचं चुकत होतं, हे मला कळत होतं आणि मी गप्प बसले. उलट हा माणूस उंबरठ्याबाहेर राहिला याचं मला तेव्हा बरंच वाटलं, हेही लिहायला हवं.

ते समाधान फार टिकलं नाही. माझी आई उठली, न्हाली, देवापुढे बसली हे डोंबिवलीत एका परक्या माणसाला सव्वासहाला कळायचं आणि ठाण्यात मला कळायचं रविवारी. डबा भरता भरता माझ्या मनात यायचं, आता त्यांच्याकडे दिवा लागला असेल. मग पोळी करपायची. आईने त्यांना घराची जादा किल्लीही दिली होती. माझ्याकडे किल्ली नव्हती. मागितली तर म्हणाली, “तू येतेस तेव्हा मी घरात असतेच की.”

वर्षभराने एक चूक झाली. नाशिकचे माझे चुलतकाका वारल्याची तार आदल्या संध्याकाळी आली. भाऊबंदांतलं सुतक, दहा दिवस देवाला शिवायचं नाही. आईने देव्हारा बंदच ठेवला, सकाळी चहा केला आणि पेपर वाचत बसली. आठाला कुलूप उघडून खटकेवाले आत शिरले ते पांढरेफटक. आधी आईच्या हातातला कप बघितला, मग बंद देव्हारा.

“माई, दिवा नाही लागला.”

“सुतक आहे हो. माझ्या लक्षातच राहिलं नाही तुमचं.”

“आमच्यात पाळत नाहीत,” ते म्हणाले. “माझ्या डोक्यातच नाही आलेलं. सिग्नल लावताना अपवाद विचारायचा असतो. मी विचारला नाही, माझी चूक.”

संध्याकाळी ते दुसरा खटका घेऊन आले. आता पंचाईत अशी की आईला सुतकात देव्हाऱ्याला हात लावता येईना. ती म्हणाली, “तुम्हाला सुतक नाही. या आत, तुम्हीच लावा.” ते दोन तास देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसले होते. काम संपल्यावर आई म्हणाली, “आलाच आहात तर निरांजन लावून जा.” ते म्हणाले, “ते नको माई. देवाकडे माझं काम नाही, दाराकडे आहे.” आईला याचं इतकं कौतुक की तिने मला त्या रविवारी तीनदा सांगितलं. मी मनात म्हटलं, मी वयात आल्यापासून महिन्याचे चार दिवस मला याच देव्हाऱ्याच्या वाऱ्याला उभं केलं नाहीस. माझी मॅट्रिकची परीक्षा होती आणि लांबूनच नमस्कार कर म्हणालीस. हा माणूस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन दोन तास बसला आणि त्याचं कौतुक.

नवी व्यवस्था अशी होती. देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर एक खटका. तो वर असला की देव्हाऱ्याचं दार उघडल्यावर खाली पांढरा दिवा लागायचा. सुतक आलं की आईने खटका खाली करायचा. मग चहाचा डबा उचलला की खाली लाल दिवा. कायमचा चहाचाच डबा का नाही, असं मी विचारलं. आई म्हणाली, “देवावरचा खटका काढायचा नाही.” तो तिचा हट्ट होता आणि तिचा कुठला हट्ट मोडायचा नाही हे त्यांना माझ्या आधी समजलं होतं.

यातून झालं काय, तर आमच्या घराण्यातलं प्रत्येक मरण त्यांना माझ्या आधी कळायला लागलं. लाल दिवा लागला की ते वर जाऊन विचारायचे कोण गेलं आणि मग नाक्यावरच्या बूथवरून माझ्या बँकेत फोन करायचे. “ताई, मी खटकेवाले बोलतोय. तुमच्या पनवेलच्या काकू गेल्या. माई बऱ्या आहेत. चहा घेतला.” शेवटची दोन वाक्यं ऐकून मला काकूंचं दुःख व्हायच्या आधी यांचा राग यायचा.

मी मागे हटले नाही. न्हाणीघरात आईचा पाय घसरू नये म्हणून ठाण्याहून चांगला महागाचा रबरी पट्टा आणला. पुढच्या रविवारी बघते तर तो उलटा घातलेला. “खटकेवाले म्हणाले, ही बाजू घसरते.” मग मी टेलिफोनसाठी नंबर लावला. कितीतरी वर्षं वाट पाहिल्यावर आईकडे काळा टेलिफोन आला. मी स्वतः क्रोशाचं झाकण विणून नेलं. आता रोज सकाळी मीच विचारणार, असं ठरवलं होतं. आईला घंटाच ऐकू येईना. तीन दिवसांत खटकेवाल्यांनी टेलिफोनला दिवा जोडून दिला, घंटा वाजली की स्वयंपाकघरात उजेड पडे. त्यानंतर मी फोन केला की आई म्हणायची, “खटकेवाल्यांच्या दिव्यामुळे कळलं हो तुझा फोन आहे ते.”

एकदा तर मी अगदी हलकी वागले. आईकडे मुक्कामाला होते. सकाळी तिला म्हटलं, आज देव्हारा मी उघडते, तू निवांत बस. आणि उघडलाच नाही. बघू तर खरं, येतो का हा माणूस. त्यांच्या दिव्यात एकदा तरी खोट निघावी, अशी माझी फार इच्छा होती. आठ वाजून चार मिनिटांनी दार उघडलं. खटकेवाले अर्ध्या गालाला साबणाचा फेस घेऊन उभे होते, दम लागलेला. मी बशीत चहा ओतत होते. त्यांनी आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बंद देव्हाऱ्याकडे बघितलं.

“टेस्टिंग केलीत ताई?” ते म्हणाले. “बरं केलंत. महिन्यातनं एकदा कुणीतरी करायलाच पाहिजे. आमच्या खात्यात तसा नियमच होता.”

त्यात टोमणा नव्हता, हे सगळ्यात वाईट. पुढच्या महिन्यात भेटले तेव्हा त्यांनी खरंच विचारलं, “या वेळी टेस्टिंग नाही केलीत?” देव्हारा न उघडल्याच्या दिवशी आई माझ्याशी रात्रीपर्यंत बोलली नव्हती.

नव्वद साली आम्ही घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला. तेव्हा तिकडे संध्याकाळी सातनंतर रिक्षा मिळायची नाही, पण खोल्या होत्या तीन. त्यातली एक आईची. पूर्वेची खिडकी, लिफ्ट, न्हाणीघरात धरायला दांडा. पट्टाही आणला आणि आठवणीने उलटा घातला. दोन खोल्यांचं निमित्त आता संपलं होतं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मी आले तर त्यांचा दिवा कोण बघणार?”

मला आधी कळलंच नाही. तिने ओट्यावरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे चौकटीला एक बल्ब होता. इतकी वर्षं मी तो टेलिफोनचाच दुसरा दिवा समजत होते. खटकेवाले सकाळी सातच्या बातम्यांना रेडिओ लावायचे. रेडिओच्या बटणातून वायर निघून तीन मजले वर, आईच्या स्वयंपाकघरात आली होती.

“तेही एकटेच आहेत,” आई म्हणाली. “मी देवाचं आटपते, चहा ठेवते आणि सातला त्यांचा दिवा बघते. एक दिवस चुकवलेला नाही.”

मी समजत होते, माझी आई कुणाच्या तरी देखरेखीखाली राहते. ती तर स्वतःच ड्यूटीवर होती. माझ्या घरात तिला खिडकी होती, लिफ्ट होती, पण तिच्याकडून कुणाला काही हवं नव्हतं. हे मला आज लिहिताना सुचतंय. त्या दिवशी मी चिडून निघून आले आणि तिच्या खोलीत इस्त्रीचं टेबल लावलं.

चार-पाच वर्षांनी एका सकाळी सातला तो दिवा लागला नाही. आईने पाच मिनिटं वाट बघितली आणि जिना उतरायला लागली. दीड वर्षात ती खाली उतरली नव्हती. कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत तीन मजले उतरली. त्यांनी तिलाही किल्ली देऊन ठेवली होती. खटकेवाले रेडिओसमोर खुर्चीत बसलेले होते, हात मांडीवर. सगळं संपलेलं होतं.

आईचा बँकेत फोन आला. “खटकेवाले गेले,” एवढंच म्हणाली. माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. आता आई माझ्याकडे येईल. मला आनंद झाला होता. मग लाज वाटली, पण आनंद आधी झाला होता.

रविवारी मी डोंबिवलीला गेले. कल्याणला शाळेत शिकवणारी त्यांची पुतणी खोली आवरायला आली होती. ती म्हणाली, “ताई, या वायरींचं मला काही कळत नाही. तुमच्या आईचं काय असेल ते काढून घ्या.” मी पहिल्यांदाच त्यांच्या खोलीत पाऊल ठेवलं. भिंतीवर एका फळीला ओळीने बल्ब होते, प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी, सुबक अक्षरात नाव. काही नावं खोडलेली. ती माणसं गेलेली किंवा मुलांकडे गेलेली. रात्री निजताना ते सगळे दिवे बंद करायचे. आता बंद करायला कुणी नव्हतं, त्यामुळे लागलेले ते लागलेलेच होते. सगळे पांढरे. टोकाला ‘माई’ लिहिलेल्या चिठ्ठीवर मात्र लाल दिवा लागला होता.

आमच्यातलं कुणीतरी गेलं आणि आईने मला कळवलंही नाही. कळवणारा माणूसच उरला नव्हता. मी तीन जिने धापा टाकत चढले. आई खिडकीशी चहा पीत होती. देव्हारा बंद होता. खटका खाली होता.

“आई, कोण गेलं?”

“अगं, फोन केला होता ना तुला.”

“ते नाही. आपल्यातलं कोण गेलं?”

आईने कप खाली ठेवला. “तेच.”

मी नको ते बोलले. “अगं, आपलं त्यांचं नातं काय? त्यांची पुतणी खाली आहे, तिनेसुद्धा सुतक धरलेलं नाही.”

“त्यांच्यात नसतं,” आई म्हणाली. “आपल्यात असतं.”

“किती दिवस?”

“दहा.”

मी जिन्यात जाऊन बसले. लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवस. आईवडिलांना तिचंही तीनच. म्हणजे मी मेले असते तर माझ्या आईने चौथ्या दिवशी देव्हारा उघडला असता. ज्या माणसाला तिने एके काळी उंबरठ्याबाहेर उभं केलं, त्याच्यासाठी ती दहा दिवस देवापासून दूर राहणार होती. तिला काय फेडायचं होतं ते मला कळत होतं. तरीही मला त्या मेलेल्या माणसाचा हेवा वाटला, आणि इतका हेवा मला जिवंत माणसाचाही कधी वाटला नव्हता.

अकराव्या दिवशी मी रजा घेऊन गेले. आई न्हाली. तिने खटका वर केला आणि देव्हाऱ्याच्या दाराला हात लावून थांबली. “खाली जा,” म्हणाली, “आणि लागतो का बघ.” पुतणीने किल्ली आईकडेच राहू दिली होती. मी त्या रिकाम्या खोलीत फळीसमोर उभी राहिले. लाल दिवा विझला होता. जरा वेळाने पांढरा लागला. बारा वर्षं मला जे हवं होतं ते माझ्यासमोर होतं, आणि ते बघायला त्यांच्याच जागी उभं राहावं लागलं होतं. मी जिन्यातून ओरडून सांगितलं, “लागला.” आईला ऐकू गेलं नसावं. वर जाऊन पुन्हा सांगितलं.

त्या महिन्याअखेर आई माझ्याकडे आली. मी इतकी वर्षं मागत होते ती गोष्ट मिळाली होती. देव्हारा बरोबर आला, त्याच्या दारावर खटक्याच्या दोन स्क्रूंची भोकं तशीच. रोज सकाळी दारं उघडून झाली की आई क्षणभर थांबायची, खाली फरशीकडे बघायची आणि मग निरांजन लावायची. मी शेजारी उभी असले तरी. तिला काही मदत हवी का, असं मी विचारायची; ती नको म्हणायची. तीन वर्षं मी हे रोज बघितलं.

ती गेली तेव्हा दशक संपत आलं होतं. तिसरा दिवस उलटल्यावर नवरा म्हणाला, “लेकीला तीनच असतात ना?” मी म्हटलं, “हो, तीनच.” चौथ्या दिवशी सकाळी मी उठले, आंघोळ केली, बंद देव्हाऱ्यावरून पुढे गेले आणि आधी चहाचा डबा उचलला. पाचव्या दिवशी तेच केलं, सहाव्या दिवशी तेच. खटकेवाल्यांना दहा दिवस मिळाले होते. माझ्या आईला मी त्याहून कमी देणार नव्हते.